हिरड्याखालची झोप

सातारा जिल्ह्यात असा एकही डोंगर नसेल, ज्याच्या अंगावर आमचे सांगलीचे साडू एकदा तरी झोपलेले नाहीत. झोपलेले म्हणजे अगदी घोंगडी अंथरून, उशाला पिशवी घेऊन, तोंडावर टोपी ठेवून, व्यवस्थित घोरत. लोक डोंगर चढतात ते देवदर्शनाला, किल्ला बघायला, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. साडू चढायचे ते जमीन विकत घ्यायला. आणि जमीन घेण्याआधी तिच्यावर दुपारची झोप काढून बघितलीच पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त होता. “मास्तर, बैल घेताना आपण त्याला चालवून बघतो, दात बघतो. जमिनीचं काय बघणार? तिच्यावर पडायचं आणि गप राहायचं. काय ते तीच सांगती की.” मी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. डोंगर नकाशावर तपकिरी रंगात दाखवतात आणि तो तिथंच शोभून दिसतो, असं माझं प्रामाणिक मत. पण आमची ही आणि साडूंच्या घरातल्या अक्का या सख्ख्या बहिणी. तेव्हा माझं मत विचारायची वेळच कधी आली नाही. सात वर्षं, दर रविवारी, मी साडूंच्या मागून मेढ्याचे डोंगर चढलो.

साडू सांगलीला एका हळदीच्या पेढीवर होते. जमिनीत खोल खणलेल्या पेवातून काढलेली हळद पारखायची, हे त्यांचं काम. हळकुंड घ्यायचं, कानाशी नेऊन मोडायचं, मोडल्याचा आवाज ऐकायचा, मग आतला रंग बघायचा, हुंगायचं आणि शेवटी जिभेवर ठेवायचं. चाळीस वर्षं हेच केल्यामुळं त्यांच्या दोन्ही हातांचे तळवे पिवळेजर्द झाले होते. साबणानं जायचा तो रंग नव्हता. साताऱ्याहून मेढ्याला जाणाऱ्या यष्टीत त्यांनी तिकिटासाठी हात पुढं केला, की कंडक्टर हटकून विचारायचा, “काय पावनं, हळद कुणाची?” साडू मनापासून आनंदून सांगायचे, “हळद सांगलीची. लग्नाचं अजून ठरायचंय, जागा बघतोय.” कंडक्टरला वाटायचं पोराच्या लग्नासाठी मांडवाची जागा. एकदा एकानं खरंच आपल्या मेव्हणीची पोरगी सुचवली होती. साडूंनी तिची जन्मतारीखसुद्धा लिहून घेतली, कारण माणसाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

हे वेड लागलं ते बाहत्तरच्या दुष्काळात. त्या वर्षी सांगलीत पाण्याची अशी काही बोंब झाली, की साडू घागर घेऊन तासतासभर रांगेत उभे राहायचे. माणूस रांगेत उभा राहिला की विचार करायला लागतो. साडूंनी विचार केला, की कृष्णा निघते तिकडं वर डोंगरात. तिथून ती वाई करते, साताऱ्याजवळ वेण्णेला पोटात घेते, कऱ्हाड करते आणि सगळ्यांचं सगळं धुऊन झालं की मग सांगलीला येते. “म्हणजे मास्तर, आम्ही आयुष्यभर तुमचं उष्टं पाणी पितोय!” हे त्यांनी मला पत्र लिहून कळवलं. पत्रात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आणि खाली एकच ओळ होती: “पाणी उष्टं व्हायच्या आधी जिथं असतं, तिथं जाऊन राहायचं ठरवलं आहे. शनिवारी येतो.” तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी आमच्या दारात पिवळा हात कडी वाजवू लागला.

ते आले की आमची ही जी काही बदलायची, ते बघण्यासारखं असे. एरवी मला थालीपिठावर लोणी मागितलं तर “कोलेस्टेरॉल” हा शब्द ऐकायला मिळे. तो तिनं नवीनच कुठल्याशा मासिकात वाचला होता. भाऊजींच्या पानात मात्र लोण्याचा गोळा असा पडायचा की थालीपीठ दिसेनासं व्हायचं. “भाऊजींना उद्या चढायचंय,” असं वर माझ्याकडं न बघता सांगायचं. मलाही उद्या चढायचंय, हे मी दोनतीनदा सांगून बघितलं. पुढं नाद सोडला.

मेढ्याच्या स्टँडसमोर एका हॉटेलवाल्याचं चहाचं दुकान होतं. हॉटेलवाला जमिनी दाखवायचंही काम करायचा. पहिल्या वर्षी तो साडूंना मोठ्या उत्साहानं रानोमाळ घेऊन गेला. साडू प्रत्येक जमिनीत शिरताना आधी चपला काढायचे. मग मातीचं ढेकूळ उचलून कानाशी न्यायचे, मोडायचे, हुंगायचे, जिभेवर ठेवायचे. “ह्याला कोरड चांगली आहे,” किंवा “ही अजून ओली आहे, पेवात घालण्याजोगी नाही,” असं काहीतरी पुटपुटायचे. नंतर घोंगडी अंथरून आडवे. दीडदोन तासांनी उठायचे आणि निकाल सांगायचे. तो निकाल मोजमापात नसायचाच. एका जागेला त्यांनी नापास केलं, कारण तिथं स्वप्नात पेढीचे मालक आले. दुसरीकडं झोप गाढ लागली, पण उठल्यावर “घरी जावंसं वाटलं.” तिसऱ्या जागेवर मुंग्या होत्या. त्यांना ती जागा आवडली होती, पण म्हणाले, “त्यांनी आधी घेतलीय.” हॉटेलवाला पहिल्या वर्षी हसायचा, दुसऱ्या वर्षी कपाळावर हात मारायचा. तिसऱ्या वर्षी म्हणाला, “आवं दाजी, तुमास्नी जमीन इकत घ्यायची हाय का नुसता इसावा घ्यायचाय? इसाव्यासाठी आमच्या दुकानात बाकडं हाय की!” साडूंनी त्या बाकड्यावरही झोपून बघितलं आणि ते चांगलं असल्याचं त्याला सांगितलं. तेव्हापासून हॉटेलवाला वरमला आणि आम्हाला चहात साखर जास्त घालायला लागला. साडूंची कसोटी एकच होती आणि ती ते मला उतरताना दर वेळी समजावून सांगत. “जिथं झोप लागली आणि शेवटची यष्टी चुकली, तरी चुकली तर चुकली असं वाटलं, ती आपली जागा.” साडेपाचला शेवटची यष्टी सुटायची आणि सात वर्षांत आम्ही ती एकदाही चुकवली नव्हती, कारण घड्याळ माझ्या हातात असायचं.

जमीन मिळाली नव्हती म्हणून घर बांधायचं थांबलं होतं, असं मात्र समजू नका. यष्टी साताऱ्याबाहेर पडून डोंगराच्या कडेला लागली, की साडू खिडकीला नाक लावून घर बांधायला घ्यायचे. इथं ओटा, इथं अक्कांची चूल, इथं पडवी. पडवीत बसलं की वेण्णेची वळणं दिसली पाहिजेत. मग गोठा. गोठ्यात दोन गाई, त्यातल्या एकीचं नावही ठरलं होतं. आणि एक खोली मला. “साडूंची खोली,” असं ते म्हणायचे, त्यातले साडू म्हणजे मी. मी आधी हसलो, मग नकळत त्यात गुंतत गेलो. एका रविवारी त्यांनी माझ्या खोलीची खिडकी गोठ्याच्या अंगाला काढल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, मला पूर्वेची खिडकी हवी, सकाळचं ऊन हवं. ते म्हणाले, पूर्वेला अक्कांचं तुळशीवृंदावन येतं. मी म्हटलं, म्हणून मी काय शेणाचा वास घेत पेपर वाचू? शब्दानं शब्द वाढला. नसलेल्या जमिनीवरच्या नसलेल्या घराच्या नसलेल्या खिडकीवरून आम्ही दोघं प्रौढ गृहस्थ मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. घरी आल्यावर हिनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “भाऊजींनाच विचार.” साडू मान खाली घालून म्हणाले, “चुकलंच माझं. गोठा हलवतो.”

अडचण निराळीच होती. कायद्यानं शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यायची. आणि साडू तर हळद पारखणारे, पिकवणारे नव्हेत. पण त्यांचं मूळ गाव कोरेगावाकडचं होतं आणि तिथं वडिलार्जित शेतात त्यांचा वाटा निघत होता. सातबाऱ्यावर भाऊबंदांची पंधराएक नावं, त्यांत शेवटून दुसरं यांचं. वाटणी केली असती तर दीड गुंठा आणि एका आंब्याची अर्धी सावली वाट्याला आली असती. शेतकरी असल्याचा दाखला काढायला जाताना त्यांनी पेढीवरच्या हमालाकडून धोतर आणि पटका मागून आणला, कारण तलाठ्याला शंका यायला नको. पटका त्यांना बांधता येईना. मग मी बांधला. मलाही येत नव्हता. तलाठ्यानं त्या पटक्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “काय पिकवता?” साडूंना खोटं बोलता येत नसे. “मी जातो तेव्हा तिथं चुलतभावाचा ऊस असतो,” ते म्हणाले. “पण मी त्यातून हिंडतो. बांधावर बसतो. दोन कांडी खातो. मला शेतात असल्यासारखं वाटतं.” तलाठी बिचारा सज्जन माणूस. त्यानं त्यांचे पिवळे हात बघितले, काय समजला कोण जाणे, आणि रीतसर दाखला दिला. तो दाखला साडूंनी काचेत बसवून भिंतीला लावला. सांगलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात देवांच्या फोटोंशेजारी तो कितीतरी दिवस होता.

ते भाड्याचं बिऱ्हाड हाच अक्कांचा जीव खाणारा विषय. तीस वर्षं त्या परक्या छपराखाली राहिल्या होत्या. पेढीतून मोकळं होताना साडूंच्या हातात जो काही फंड येणार होता, त्यात एकच गोष्ट होण्यासारखी होती. सांगलीत स्वतःच्या दोन खोल्या, नाहीतर डोंगरात एक तुकडा. अक्का भांडल्या नाहीत. त्या भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्याकडं मात्र एकदा बोलल्या, “तुमच्या साडूंना जमीन नको आहे हो, जमीन बघायला हवी आहे. बघू देत. पण मोकळं व्हायच्या दिवसापर्यंत काय ते ठरवा म्हणावं. मला मेल्यावर तरी स्वतःच्या दारातून बाहेर काढा.” हे मी साडूंना जसंच्या तसं सांगितलं. ते त्या दिवशी जेवले नाहीत.  यष्टीत बसल्यावर म्हणाले, “बरोबर आहे तिचं. ह्या दिवाळीपर्यंत सापडली तर सापडली. नाहीतर घोंगडी पेटीत.” मला खोटं कशाला सांगू, मनातून हायसं वाटलं. आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

नेमकी दिवाळीच्या आधी ती सापडली. मेढ्याच्या वर तासभर चढणीवर एक सातआठ घरांची वाडी होती. वाडीच्याही वर एकटं घर आणि घरापुढं चार पायऱ्यांची नाचणीची शेतं. वरच्या बांधावर हिरड्याचं एक मोठं झाड. साडूंनी चपला काढल्या, ढेकूळ मोडलं, हुंगलं, चाखलं आणि ह्या वेळी काहीच पुटपुटले नाहीत. घोंगडी अंथरून पडले. मी दगडावर बसून वह्या तपासत होतो. तीन वाजले, चार वाजले. साडेचारला मी त्यांना हलवलं तर त्यांनी कूस बदलली. खाली वेण्णेच्या पाण्यावर ऊन तिरपं झालं होतं, हिरड्याची पानं हलत होती, आणि माझे साडू लहान मुलासारखे तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांना उठवायचं पाप माझ्यानं करवेना. सहाला ते उठले. डोळे चोळत म्हणाले, “यष्टी?” मी म्हटलं, “गेली.” ते थोडा वेळ खाली रस्त्याकडं बघत राहिले. “जाऊ द्या की,” म्हणाले. ही सांगलीची लोकं प्रत्येक वाक्याला एक ‘की’ का लावतात हे मला कधी कळलं नाही आणि मी त्यांची त्यावरून थट्टाही पुष्कळ केली. पण त्या दिवशीचा तो ‘की’ ऐकून थट्टा करायची माझी छाती झाली नाही.

जमिनीचे मालक हवालदार होते, पलटणीतून पेन्शनीत आलेले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा आणि कामातून गेलेले गुडघे. बायको वारलेली, दोन्ही मुलं पलटणीत, मुलगी कोरेगावच्या बाजूला दिलेली. डोंगरात एकट्या बापाकडं कोण बघणार म्हणून मुलांनी पत्रावर पत्रं पाठवून जमीन विकायला लावली होती. ती विकून हवालदारांनी मुलीकडं जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. आम्ही भाव विचारायला गेलो, आणि असा सौदा मी जन्मात बघितला नाही. विकणारा आपल्या मालाला नावं ठेवत होता आणि घेणारा त्याची स्तुती करत होता. “ह्यात काय हाय वो पावनं?” हवालदार म्हणाले. “निस्तं धोंडं. नाचणी येती, ती बी डुकरांनी ठिवली तर.” साडू म्हणाले, “डुकरं किती खाणार? आम्ही दोघंच.” “पावसात चार म्हयनं सूर्य दिसत न्हाई.” “सूर्य आम्ही सांगलीत पुष्कळ बघितलाय.” “एकदम ओपन पोझिशन हाय. वाऱ्यानं छप्पर उडतंय!” “काय सुंदर वारा आहे!” साडू डोळे मिटून म्हणाले. हॉटेलवाला माझ्या कानाशी लागला, “मास्तर, ह्या दोगांची अदलाबदल कराया पायजे.” मला मात्र त्या म्हाताऱ्याचा डाव थोडा थोडा कळायला लागला होता. तो गिऱ्हाईक पळवून लावायला बघत होता. साडूंना कळला होता की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

भाव ठरायच्या आतच साडूंनी मेढ्यात दस्त लिहिणाऱ्याकडून कच्चा खर्डा करून घेतला. हे म्हणजे मुलगी पसंत पडताच बारशाचं आमंत्रण देण्यासारखं. पण त्यांना दम धरवत नव्हता. दस्त लिहिणारे जाड चष्म्याचे, चाळीस वर्षं एकच मजकूर लिहून कंटाळलेले गृहस्थ. त्यांनी एका सुरात वाचून दाखवलं, की पूर्वेस अमुक, पश्चिमेस डोंगर, दक्षिणेस ओढा, येणेप्रमाणे चतुःसीमेतील जमीन, तीतील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह. साडूंनी त्यांना थांबवलं. “परत वाचा की.” त्यांनी परत वाचलं. साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “सगळं देतात? गवतसुद्धा?” “गवतसुद्धा.” साडू विचारात पडले. “ह्यात वारा नाही,” ते म्हणाले. दस्त लिहिणाऱ्यांनी चष्मा काढला. “वारा लिहिता येत नाही. दस्ताला चतुःसीमा लागते. वाऱ्याला चतुःसीमा कुठली आणू?” “आणि हिरड्याची सावली?” “ती झाडात आली.” “पण दुपारनंतर ती पलीकडच्या बांधावर जाते की.” तिथून मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. खर्डा आणि कोरा स्टँप माझ्या पिशवीत घातला. पुढच्या रविवारी भाव ठरवायचा, सही घ्यायची आणि दिवाळीआधी मोकळं व्हायचं, असं ठरलं. अक्कांना साडूंनी सगळं सांगितलं होतं. त्या इतकंच म्हणाल्या होत्या, “तुम्हाला तिथं झोप लागली ना? मग घ्या.” तीस वर्षांची इच्छा त्यांनी एका वाक्यात सोडून दिली होती. साडू ते वाक्य माझ्याकडं पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचे.

तो रविवार मी विसरणार नाही. हवालदारांच्या अंगणात आम्ही बसलो. हॉटेलवाला होता, वाडीतले दोघं साक्षीदार होते. साडू म्हणाले, “तोंडानं भाव बोलायची आम्हाला सवय नाही. रुमालाखाली करू.” हळदबाजारात रीतच अशी, की दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्यांना काही कळत नाही. आणि एकदा सौदा झाला की आत काय झालं ते कुणी कुणाला सांगायचं नाही. पेन्शनीत आल्यापासून हवालदारांनी पुष्कळ बैल घेतले-विकले होते. बैलबाजारातही हीच रीत. त्यांचे डोळे लकाकले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी दोघांच्या हातांवर टाकला. असा सौदा मिनिटभरात आटपतो. हा आटपेना. हॉटेलवाल्यानं एक विडी ओढली, दुसरी पेटवली. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. हवालदार वर हिरड्याकडं बघत होते आणि साडू खाली वेण्णेकडं. पंचा जरासुद्धा हलत नव्हता. शेवटी साडूंनी पंचा काढला, नीट घडी करून हवालदारांच्या हातात दिला आणि म्हणाले, “झाला सौदा.” मी पिशवीतून स्टँप काढला. “तो राहू द्या,” साडू म्हणाले. “हवालदार कुठं जात नाहीत. मी दर रविवारी येणार. मुलांना मी पत्र लिहितो, की तुमच्या वडलांकडं बघायला माणूस येतोय म्हणून.”

मी स्टँप तसाच हातात धरून उभा राहिलो. हॉटेलवाला उसळला. “आवं मग माझ्या सात वर्साच्या पायपिटीचं काय?” साडू म्हणाले, “तुम्हीपण येत जा की.” उतरताना मी मात्र सोडलं नाही. सात वर्षं माझे रविवार गेले, गुडघे गेले, आणि ऐनवेळी हे हात हलवत परत! “निदान भाव तरी काय म्हणाला तो, ते सांगा!” “सौदा फोडायचा नसतो, मास्तर.” “अहो, झालाच नाही तो सौदा!” ते चालता चालता थांबले. “झाला की,” म्हणाले. “म्हातारा खाली गेल्यावर मला त्या झाडाखाली झोप लागली नसती.” इतकं बोलून त्यांनी ओढ्यात हात धुतले. चढताना-उतरताना त्यांची ही सवयच होती. पिवळे हात पाण्यात हलवायचे आणि म्हणायचे, “चारपाच दिवसांनी हे पाणी तुमची अक्का भरेल.” त्या दिवशीही तेच म्हणाले.

दिवाळीनंतर सांगलीत अक्कांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. आम्ही वास्तुशांतीला गेलो तर साडूंनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. “तुमची खिडकी,” म्हणाले. पूर्वेला होती. त्यानंतर चार वर्षं साडू दर शनिवारी आमच्याकडं यायचे आणि रविवारी वर जायचे. मी त्यांच्याबरोबर जाणं सोडलं होतं. हवालदारांच्या गुडघ्यांना लावायला ते सांगलीहून उत्तमातली हळद कुटून न्यायचे, गरम लेप घालायचे आणि मग दोघं हिरड्याखाली झोपायचे. हवालदारांच्या मुलांची पत्रं आता सांगलीला यायची, ‘काकासाहेब’ असा मायना घालून. अक्काही दोनदा वर जाऊन आल्या. पहिल्यांदा त्यांना तिथं झोप लागली नाही, दुसऱ्यांदा लागली, असं साडूंनी मला आवर्जून कळवलं.

एका पौषात साडू गेले. आजार नाही, बिजार नाही. दुपारी स्वतःच्या घरात आडवे झाले ते उठलेच नाहीत. चौदावा झाल्यावर अक्कांनी मला एक पुडी दिली. पुढच्या रविवारसाठी साडूंनी बांधून ठेवलेली हळद होती. “एवढी वर पोचवा,” म्हणाल्या. “हवालदारांना कुणी कळवलं नसेल.”

मी एकटाच चढलो. घड्याळ बघत, थांबत थांबत. हवालदार हिरड्याखाली बसले होते. रविवार म्हणून साडूंची घोंगडी आधीच अंथरलेली. लांबून मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, परत मला बघितलं. “एकलंच आलासा?” म्हणाले. मी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही, छातीशी धरली.  मग म्हणाले, “मास्तर, आता सौदा फोडाया हरकत न्हाई. त्या दिशी पंच्याखाली मी आकडा दाबलाच न्हाई. दाबाया म्हनून पावन्याचं बोट धरलं, आन् मला ते सुटंनाच. जमीन सोडायची म्हनून हाताला असा कापरा सुटला... लढाईत कवा सुटला न्हवता. मी म्हनलं, आता ह्यो मानूस हात काडून घील. त्यानं न्हाई काडला. घट धरून बसला. त्यानं बी आकडा दाबला न्हाई गड्यानं. निस्ता हात धरून बसला.”

 सात वर्षं ज्या माणसाला मी यष्टी चुकेल म्हणून हलवून जागं करत आलो, त्याला मी ओळखलंच नव्हतं, एवढंच मनात येत राहिलं. हवालदारांनी घोंगडीवर हात फिरवून पालापाचोळा झटकला. “दमलासा. पडा जरा,” म्हणाले. मी आयुष्यात उघड्या रानात कधी पाठ टेकली नव्हती. पँटची इस्त्री, मुंग्या, काटे, हजार कारणं होती. त्या दिवशी पडलो. वर हिरड्याची पानं हलत होती. दस्तात न मावलेला तो वारा खालच्या पाण्याकडून येत होता. घोंगडीला हळदीचा वास होता.

कुणीतरी खांद्याला हलवलं तेव्हा ऊन डोंगरामागं गेलं होतं. “मास्तर, उटा,” हवालदार म्हणत होते. “यष्टी ग्येली की वो.”

मी घड्याळाकडं बघितलं नाही. “जाऊ द्या की,” मी म्हटलं.